तू म्हणे आमचो हेलियम काढलंस?

गणपतीला नाहीतर शिमग्याला चाकरमानी गावी आले की मराठी विकिपीडियावरची आमच्या सिंधुदुर्गातल्या गावांची पानं हलायला लागतात. एरवी वर्षभर ज्या पानाकडे कोणी ढुंकून बघत नाही तिथे अचानक बदलांवर बदल, रात्री आरत्या-भजनं आटोपली की कोणीतरी पडवीत पडल्या पडल्या मोबाईलवरून गावाचा इतिहास लिहायला घेतो. यातलं काही खरंच सोन्यासारखं असतं, म्हणजे वाड्यांची नावं नीट लिहिलेली, देवळाचा चांगला फोटो, बंद पडलेल्या शाळेचं नाव काढलेलं. बाकी मग होमस्टेचा फोन नंबर, 'कार्यसम्राट' सरपंचांचं कौतुक, आणि पालखीचा पहिला मान कोणाचा यावरून दोन घराण्यांची जुंपलेली.

हे मानाचं प्रकरण एका पानावर असं चाललेलं की सकाळी एक घराणं मानकरी, दुपारी दुसरं, संध्याकाळी परत पहिलं, आणि बदल का केला ते लिहायच्या सारांशाच्या चौकटीत एकमेकांच्या बापजाद्यांचा उद्धार. मानपानाचे वाद आपल्याकडे कोर्टापर्यंत जातात, त्यामुळे हसण्यावारी नेऊन चालत नाही. आता इथे पानांची राखण करणाऱ्या आमच्यासारख्यांचं काम काय, तर कोणाचा मान खरा हे ठरवणं नाही. अजिबात नाही. दोघांकडे छापील पुरावा मागायचा, कोणीच दिला नाही तर दोन्ही नावं काढायची, 'गावात पालखीचा उत्सव होतो' एवढंच ठेवायचं आणि असं का केलं ते चर्चा पानावर, म्हणजे त्या पानाला जोडलेल्या बोलायच्या पानावर, दोन ओळीत लिहून मोकळं व्हायचं. इंग्रजी विकिपीडियावर तर नियमच आहे, एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवले की ब्लॉक होऊ शकता, तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी (उघड नासधूस उलटवली तर गोष्ट वेगळी). मला हा नियम फार आवडतो. आपण बरोबर आहोत म्हणून कितीही वेळ भांडायचा हक्क आपल्याला आहे, असं ज्याला त्याला वाटत असतं ना.

घरी विचारतात की याचे पैसे मिळतात का. नाही मिळत. विकिमीडिया फाउंडेशन नावाची ना-नफा संस्था सर्व्हर सांभाळते, पण पानांवर काय लिहायचं, काय उडवायचं हे सगळं हौशी लोक बघतात, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या. त्यातल्या काहींना बाकीचे सदस्य चर्चा करून प्रचालक करतात, त्यांना पान वगळता येतं, सुरक्षित करता येतं, एखाद्या सदस्याला ब्लॉक करता येतं, पण म्हणून ते मालक होत नाहीत, वादात त्यांच्या मताला जास्त वजन नसतं, निदान नसावं. मी प्रचालक नाही, व्हायचंही नाही. मी साधा सदस्य, संध्याकाळी नेटवर्क असलं तर 'अलीकडील बदल' उघडतो आणि खाली खाली जात राहतो. मराठी विकिपीडिया २००३ च्या १ मेपासून आहे, त्यात सांगकाम्यांनी म्हणजे बॉटनी आणि उत्साही लोकांनी गावांची हजारो पानं बनवून ठेवलीत, जनगणनेचा आकडा, तालुका, जिल्हा आणि हवामानाची तीच ती वाक्यं. अशा पानांची राखण करणं म्हणजे आंब्याच्या बागेत माकडांवर लक्ष ठेवण्यासारखं आहे, माकड दिसलं नाही तरी बसून राहावं लागतंच.

पण माकडं सोपी. शिवी लिहिलेली असली तर दोन सेकंदात उलटवता येते, होमस्टेवाल्याला त्याच्या चर्चा पानावर नीट समजावता येतं की बाबा ही जाहिरातीची जागा नाही, आणि दुसऱ्याकडून पैसे घेऊन लिहीत असशील तर ते जाहीर करणं २०१४ पासून वापराच्या अटींमध्येच आहे. खरा डोक्याला ताप होतो तो प्रेमाने लिहिलेल्या चुकीच्या गोष्टींचा.

आता विजयदुर्गाचंच घ्या. आमच्या देवगड तालुक्यात शाळेच्या पोरालाही विचारा, हेलियमचा शोध कुठे लागला, तर विजयदुर्गावर. गोष्ट अशी सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने किल्ल्यावरून सूर्य बघितला आणि त्याला हेलियम सापडला. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून जागा पण दाखवतात. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होतो, सहली येतात, सगळं मस्त.

फक्त त्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होता. ते ग्रहण गुंटूरला, म्हणजे आताच्या आंध्रात, बघितलं ते जान्सेन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने. सूर्याच्या कडेला ज्या ज्वाळा दिसतात त्यांच्या प्रकाशातल्या रेषा त्याला इतक्या ठळक दिसल्या की त्याच्या लक्षात आलं, यासाठी ग्रहणाची वाट बघायची गरजच नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने ग्रहणाशिवाय ते करून पण दाखवलं. लॉकियरने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडात बसून, ग्रहणबिहण काही नसताना, स्वतंत्रपणे तेच केलं, आणि गंमत म्हणजे दोघांची खबर पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. त्या प्रकाशात एक पिवळी रेषा होती जी सोडियमच्या जोडरेषेच्या जवळ होती पण तिच्याशी जुळत नव्हती, तिच्यावरून पुढे हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर हेलियम हाताला लागला तो १८९५ मध्ये, विल्यम रामसेला, युरेनियमच्या एका खनिजातून.

मग विजयदुर्गाचं काय, सगळी थाप? नाही ना! लॉकियर विजयदुर्गाला खरंच आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तीस वर्षांनी. ब्रिटिश आरमाराच्या मेलपोमीनी जहाजावरच्या लोकांना हाताशी घेऊन त्याने तिथे मोठा कॅम्प लावलेला, आणि त्या निरीक्षणांचा त्याचा स्वतःचा अहवाल छापलेला आहे, शीर्षकातच 'विझियाद्रुग'. म्हणजे साहेब खरा, ग्रहण खरं, किल्ला खरा, फक्त हेलियम तोपर्यंत सापडून गेलेला. मला विचाराल तर ही गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा भारी आहे, एवढा मोठा शास्त्रज्ञ, आरमाराचं जहाज, खाडीच्या तोंडावर दुर्बिणी आणि कॅमेरे लावून बसलेले खलाशी. पण हेलियम म्हटलं की बोर्डावर नाव लागतं, नुसत्या ग्रहणाला कोण विचारतो.

मी पानावरचं वाक्य बदललं आणि खाली दोन्ही ग्रहणांचे संदर्भ जोडले. दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर एक अण्णा भेटले, नात्यातलेच, त्यांना पुतण्याने मुंबईहून फोन करून कळवलेलं.

"काय रे झिला, तू म्हणे आमचो हेलियम काढलंस?"

"काढूक नाय वो अण्णानू, नीट लिवलंय."

"नीट म्हणजे? गुंटूरवाल्यांक देऊन टाकलंस मां?"

यावर काय बोलणार. चहा त्यांनीच पाजला ते सोडा.

आता यातली खरी ग्यानबाची मेख पुढे आहे. लोकांनी १८९८ ची आठवण १८६८ ला नेऊन चिकटवली असणार, असं मला वाटतं आणि इथे मी ते बिनधास्त लिहितोय. पण विकिपीडियाच्या पानावर मला ते लिहिता येत नाही! कारण तो माझा निष्कर्ष झाला, आणि स्वतःचं संशोधन तिथे चालत नाही, ते आधी दुसऱ्या कोणीतरी विश्वासार्ह ठिकाणी छापलेलं हवं. त्यामुळे पानावर काय राहिलं, तर १८६८ ला कोण कुठे होतं ते संदर्भासकट, १८९८ ला लॉकियर इथे आला ते संदर्भासकट, आणि स्थानिक लोक शोधाचं श्रेय विजयदुर्गाला देतात हे पण संदर्भासकट, कारण तेही खरंच आहे की, लोक देतात. तीन वाक्यं बाजूबाजूला ठेवली, जोडायचं काम वाचणाऱ्याचं. ज्यांना लिहायची खाज आहे त्यांना हे फार जड जातं, मला तर हात बांधल्यासारखं वाटतं, पण हात मोकळे सोडले तर त्या मानकऱ्यांच्या पानाचं काय होईल ते दिसतंच आहे.

आणि संदर्भ म्हणजे नुसती लिंक नाही. विजयदुर्गाबद्दल लोकांनी मला बातम्यांच्या लिंका दिल्या, भरपूर दिल्या. अशा वेळी पहिलं काम म्हणजे पानाचा 'इतिहास' उघडायचा आणि ते वाक्य पानावर पहिल्यांदा कधी आलं ती तारीख बघायची, मग बातमीची तारीख बघायची. बऱ्याचदा बातमी नंतरची निघते, वाक्यरचनाही तीच, म्हणजे बातमीदाराने विकिपीडियावरून उचललं आणि आता तीच बातमी विकिपीडियाला पुरावा म्हणून दाखवायची. साप स्वतःची शेपटी गिळतोय. हे तपासायला दहा मिनिटं लागतात आणि कोणी तपासत नाही. हल्ली त्यात चॅटबॉटची भर पडलीय, कोणीतरी किल्ल्यावर पानभर गुळगुळीत मजकूर आणून टाकतो, खाली झक्कास संदर्भ, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सगळं, आणि तो आयएसबीएन टाकून बघावा तर भलतंच पुस्तक, नाहीतर पुस्तकच नाही. असा मजकूर सुधारत बसायचं नाही, सरळ काढायचा. कारण कुठलं वाक्य खरं ते शोधण्यापेक्षा नवीन लिहिणं परवडतं.

फोटोंचं थोडक्यात सांगतो कारण दर वेळी तोच गोंधळ असतो. व्हॉट्सॅपवर आलेला फोटो आपला नसतो. 'फक्त शिक्षणासाठी वापरा' असा परवाना कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाचे फोटो जिथे ठेवतात तिथे, चालत नाही, कोणालाही, धंद्यासाठी सुद्धा वापरता आला पाहिजे. आपण स्वतः काढलेला किल्ल्याचा, देवळाचा, चौकातल्या पुतळ्याचा फोटो चालतो, आपल्या कॉपीराइट कायद्यात इमारती आणि उघड्यावर कायम असलेल्या शिल्पांच्या फोटोंना तशी सूट आहे. जुन्या पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवायचं असेल तर लेखक जाऊन साठ वर्षं झालेली हवीत. बस.

नवीन आलेल्यांशी कसं वागायचं यावर मात्र माझं जुन्या मंडळींशी पटत नाही. कॉलेजातली एखादी पोरगी आपल्या बंदरावर मिळणाऱ्या माशांची नावं लिहिते, शेंगटी, मुडदुशी, कर्ली, आणि हे कुठल्याही मराठी कोशात धड सापडणार नाही असलं ज्ञान आहे, तिच्या आजीला तोंडपाठ आहे, आणि आमच्यातला कोणीतरी पाच मिनिटांत तिथे 'संदर्भ हवा'चे पाच साचे, म्हणजे तयार सूचना, मारून, वर पान काढायची सूचना लावून निघून जातो. नियमाने तो बरोबर आहे. पण ती पोरगी परत येत नाही, येणारच नाही ना. अरे, साचा लावायला जेवढा वेळ लागतो त्यात तिच्या चर्चा पानावर चार ओळी लिहून होतात, की बाई हे चांगलं आहे, मत्स्य विभागाच्या नाहीतर मत्स्य महाविद्यालयाच्या एखाद्या छापील यादीत बघ, तोवर तुझं लिखाण धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लिखाणाच्या पानावर, ठेवू. मी तसंच लिहितो, त्यातल्या काही येतात काही नाही. आजीच्या तोंडचं ज्ञान संदर्भ म्हणून कसं घ्यायचं यावर विकिपीडियावाले कितीतरी वर्षं वाद घालतायत आणि मला त्याचं सोपं उत्तर आहे असं वाटत नाही, कारण आजीला घेतलं की मग मानकऱ्याच्या आजोबांनाही घ्यावं लागेल.

तर त्यातल्या त्यात जे करता येईल ते म्हणजे छापील गोष्टी शोधणं. ब्रिटिशांच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड १८८० चा आहे, आता कोणाचा कॉपीराइट नाही, नेटवर फुकट आहे, त्यात बंदरं, बाजार, किल्ले बरंच मिळतं, फक्त साहेबाच्या चष्म्यातून लिहिलंय हे धरून चालायचं. पण मला जास्त हवंय ते घराघरात पडलेलं. देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका, शाळेच्या शतकमहोत्सवाचा अंक, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचा अहवाल. या गोष्टी माळ्यावर असतात आणि कसर लागून जातात. देवस्थानच्या कारभाऱ्यांनीच काढलेली स्मरणिका मानाच्या भांडणात पुरावा म्हणून पुरणार नाही, तेवढा कमी वजनाचाच संदर्भ आहे तो, पण शाळा कोणत्या साली सुरू झाली, पूल कधी झाला, पहिली एसटी कधी आली याला बरा चालतो.

तेव्हा येत्या सुट्टीत गावी याल तेव्हा माळा साफ करायला घेतलाच तर रद्दीवाल्याला द्यायच्या आधी त्या अंकाचं मुखपृष्ठ, ज्या पानावर प्रकाशक आणि साल आहे ते पान, आणि कामाचं पान, एवढ्या तिघांचे फोटो काढून ठेवा, आणि पानाचा नंबर फोटोत आलाय का बघा, तो दर वेळी अंगठ्याखाली जातो.