देव्हाऱ्याचं काम: खाचा झाल्या, कडा अर्ध्यावर

चौकटींच्या खाचा पाडून झाल्या, दारांच्या फळ्या कोरड्या बसवून पाहिल्या, छताच्या पट्टीला अजून हात लावलेला नाही. लाकूड जुन्या सागवानी तुळईचं. सांगलीत गावभागातला एक वाडा उतरवला तेव्हा तिचे तुकडे घेऊन ठेवले होते. आतले कप्पे आणि ड्रॉवर तुनाचे करतोय, मिरजेत सतारी-तानपुऱ्यांना वापरतात ते हलकं, लालसर लाकूड. एक कडक आणि तेलकट, दुसरं मऊ आणि लव सुटणारं. खाचा-कडा मारतोय राउटरने, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या मशीनने; त्यात दांडीने बसतं ते कापणारं पातं म्हणजे बिट. एकच बिट दोघांना सारखं लागू पडत नाही, म्हणून आजची नोंद बरीचशी बिटांचीच.

गणपती पेठेत किंवा ऑनलाइन बिट पाहताना आपण सगळे आधी आकाराकडे बघतो. गोलाई किती, नक्षी कशी. आमच्या गल्लीतले मिस्त्री मात्र बिट हातात घेतलं की उलटं धरतात. ‘सर, आकार मागनं बघा, आधी दांडी बघा.’ त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. दुकानात ‘दोन सुती’ मागितलं की कधी 6 मिमी दांडी मिळते, कधी पाव इंची, म्हणजे 6.35 मिमी. फरक 0.35 मिमीचा, डोळ्याला दिसतच नाही. सहाची दांडी पाव इंची कोलेटमध्ये (राउटरची दांडी पकडणारी चिमट) घातली तर पाना आवळल्यावर घट्ट वाटते, पण लाकडाचा जोर आला की बिट हळूहळू सरकतं. खाच एका टोकाला 8 मिमी आणि दुसऱ्या टोकाला 9 अशी निघते. वेगात असताना बिट सुटलं तर काय होईल ते सांगायला नको. 12 मिमी आणि अर्धा इंची, म्हणजे 12.7 चीही तीच गोष्ट. दांडीवर कोरलेला आकडा वाचायचा. पुसला असेल तर व्हर्नियर लावून जाडी मोजायची. बिट तळाला टेकवून मग दोन-तीन मिलिमीटर वर उचलायचं आणि आवळायचं, कारण आवळताना कोलेट दांडीला किंचित खाली ओढतं. आधीच तळाला टेकलेली असेल तर पकड पूर्ण बसत नाही.

ज्याच्याकडे पाव आणि अर्धा इंची दोन्ही कोलेट आहेत त्याने मोठी बिटं चार सुती, म्हणजे अर्धा इंची दांडीचीच घ्यावीत. जाड दांडी कमी थरथरते, कड गुळगुळीत येते. ट्रिमरवाल्यांना (ट्रिमर म्हणजे एका हातात मावणारा छोटा राउटर) हा पर्याय नाही; त्यांनी लहान बिटांवर समाधान मानावं, काही बिघडत नाही.

पंधरा-वीस बिटांची लाकडी पेटी स्वस्तात मिळते, दिसतेही छान. माझं मत विचाराल तर घेऊ नका. त्यातली निम्मी बिटं पेटीतच म्हातारी होतात आणि रोज लागणारं सरळ बिट सगळ्यात आधी बोथट होतं. या देव्हाऱ्याला आतापर्यंत लागलेली बिटं अशी: 6 मिमी सरळ, बेअरिंगचं (कडेला टेकून फिरणारं छोटं चाक) रिबेट, म्हणजे कडेला पायरी पाडणारं, बेअरिंगची छोटी गोलाई, आणि साच्याबरहुकूम कमानी कापायला फ्लश ट्रिम. सगळी कार्बाइडच्या दातांची. हायस्पीड स्टीलचं बिट सुरुवातीला धारदार असतं, पण सागवानात सिलिका असते, ती धार खाते. प्लायमधला डिंकही तेच करतो. कार्बाइड टिकतं, मात्र ठिसूळ असतं. जुन्या तुळईत एखादा तुटका खिळा दडलेला असेल तर दाताचा टवका उडालाच म्हणून समजा. त्यामुळे प्रत्येक तुकड्यावर आधी लोहचुंबक फिरवतो.

आता खाच. चौकटीत 6 मिमी रुंद आणि 8 मिमी खोल. एका दमात 8 मिमी खोल जायचं नाही. सहाच्या बिटाला एका वेळी तीनेक मिलिमीटर पुरे, म्हणजे तीन फेऱ्या. फळी 12 मिमी जाड आहे, तिच्या कडेला रिबेट मारून 6 मिमीची जीभ काढली. ही जीभ खाचेत सहाच मिलिमीटर जाते, दोन मिलिमीटर मुद्दाम मोकळे सोडलेत आणि फळीला डिंक अजिबात नाही. मे महिन्यात सांगलीत हवा कोरडीठाक, जुलै-ऑगस्टला कृष्णाकाठी ओल भिंतीत शिरते. रुंद फळी फुगणारच. जागा दिली नाही तर ती चौकटीचे सांधे उघडेल.

दारांच्या फळ्यांना उतरती कड देणारं मोठं बिट घ्यायचा मोह झाला होता. 60 मिमी व्यासाचं ते बिट मिनिटाला 28,000 फेऱ्यांवर फिरलं तर दातांच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो! तेच 12,000 वर साधारण 136. म्हणून मोठं बिट म्हणजे वेग खाली, आणि तेही टेबलावर बसवलेल्या राउटरमध्येच. ट्रिमरचा वेग कमी करता येत नसेल तर असलं बिट त्याच्याजवळही नेऊ नये. देव्हाऱ्यापुरती फळ्यांची कड मी साध्या रिबेटवर निभावून नेली, आणि दारांना ती जास्त शोभते असं मला वाटतं.

गोलाई मारताना दिशा सांभाळावी लागते. हातातला राउटर बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट फिरवायचा, चौकटीच्या आतल्या कडेने घड्याळाबरोबर. टेबलावर बिट खालून येतं, तिथे लाकूड उजवीकडून डावीकडे ढकलायचं. उलट गेलात तर बिट लाकडावर चढतं आणि मशीन हातातून पळायला बघतं. फळीच्या चारही कडा करायच्या असतील तर आधी टोकांकडच्या आडव्या कडा, मग लांबीच्या. आडव्या रेषेच्या शेवटी कोपऱ्याची शिलपी उडतेच. ती नंतरच्या लांब फेरीत निघून जाते.

सागवान कोपऱ्यावर काळं पडतं ते बहुतेक वेळा हात रेंगाळल्यामुळे. राउटर चालू ठेवून कोपऱ्यावर थांबायचं नाही. तरी डाग येत असतील तर बेअरिंग बोटाने फिरवून बघा. भुशाने अडकलेलं बेअरिंग फिरण्याऐवजी लाकडावर घासतं आणि करपट रेघ ओढतं. दातांवर साचलेली काळी राळ काढली की ‘बोथट’ बिट पुष्कळदा पुन्हा चालायला लागतं. मी बेअरिंग काढून दात रॉकेलच्या फडक्याने पुसतो. बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवू नका, आतलं ग्रीस जातं. मास्क हवाच, सागवानाचा भुसा नाकाला आणि कातडीला बाधतो.

तुनाचं दुखणं वेगळं. सरळ बिटाने कापलं की खाचेच्या काठावर लव उभी राहते. तिथे सॉलिड कार्बाइडचं सर्पिल, खाली दाबत कापणारं बिट लावलं आणि काठ स्वच्छ आला. त्याची अडचण एवढीच की भुसा वर फेकला जात नाही, खाचेत ठासून बसतो. खोल खाचेला मग वर खेचणारं सर्पिल बरं, किंवा फेऱ्या वाढवायच्या.

पुढचं काम ड्रॉवरचे डोव्हटेल, म्हणजे टोकाकडे पसरत जाणाऱ्या तिरक्या दातांचे सांधे. त्या बिटाला खोली टप्प्याटप्प्याने वाढवता येत नाही, पहिल्याच फेरीत पूर्ण खोल जावं लागतं. त्यामुळे आधी बारीक सरळ बिटाने मधला माल काढून घेणार, आणि बिट बाहेर पडतं त्या बाजूला तुनाला टाकाऊ फळीचा टेकू देणार. तुनात कुणी डोव्हटेल केलं असेल तर किती अंशाचं बिट वापरलं ते सांगा. मला जास्त तिरकं घेतलं तर टोकं तुटतील अशी धास्ती आहे.