वरणावरचं पाणी

आमच्या माण तालुक्यातल्या वाडीवर अंगणवाडीत वजनाचा दिवस म्हणजे नुसता गलका. त्या गलक्यात आठ महिन्यांची एक पोरगी काट्यावर ६.१ किलो भरली. सहाव्या महिन्यात ती सहा किलोची होती. दोन महिन्यांत शंभर ग्रॅम! वाढीच्या तक्त्यावर हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात, म्हणजे कमी वजनात, घसरली. ताप नाही, जुलाब नाहीत. आईला विचारलं, "वरचं काय देतेस?"

"सगळं देते की बाई. डाळीचं पाणी, भाताची पेज, दुधात बिस्कीट."

संध्याकाळी घरीच गेले. तुरीची डाळ शिजली होती आणि आजी वरवरचं पाणी वाटीत काढत होत्या. "सत्त्व सगळं ह्यातच उतरतंय," म्हणाल्या. वाद घालून उपयोग नव्हता. दोन चमचे मागितले. एकात वरचं पाणी घेतलं, दुसऱ्यात तळाची डाळ, आणि दोन्ही तिरके केले. पाणी ओघळून गेलं, डाळ चमच्याला धरून राहिली. बाळाचं पोट किलोमागे साधारण तीस मिली, म्हणजे हिचं जेमतेम वाटीभर. ते पाण्यानंच भरलं तर अंगावरचं पिणंही कमी होतं. सुनेला लगेच पटलं. आजी गप्प.

मग म्हणाल्या, "अन् घशात अडकलं म्हंजे?"

भीती रास्त होती. अख्खा शेंगदाणा, गुठळी अडकतेच. म्हणून मऊ भात आणि डाळ बोटांनी कुस्करली, वर तूप सोडलं. मीठ नाही, साखर नाही. पोरीला मांडीवर ताठ बसवलं. पहिला घास तिनं जिभेनं बाहेर ढकलला. "बघा, नको तिला," आजी. ते नको नसतं, जीभ शिकत असते. थोड्या वेळानं चार-पाच घास गेले, मग तिनं तोंड फिरवलं. आई कोंबायला निघाली, तिचा हात धरला. दिवसातून दोन-तीनदा, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत न्यायचं, बास. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं.

अंगणात कोंबड्या होत्या. अंडी कुणाला? "बाजारात, न्हाईतर तिच्या बापाला." नीट उकडलेलं अंडं, पिवळं-पांढरं दोन्ही, कुस्करून द्या म्हटल्यावर 'उष्ण पडतं' हे आलंच. पाऊस लागला की देऊ, एवढ्यावर तडजोड झाली. मधाच्या बोटावर मात्र मी तडजोड केली नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जंतूंचं विष बाधू शकतं, हे स्पष्ट सांगितलं.

पुढच्या वजनाला पोरगी ६.४ भरली. पट्टा अजून पिवळाच, पण रेघ वर वळली. बिस्किटं तेवढी बंद झालेली नाहीत. ती बाप दहिवडीहून आणतो, आणि तो घरी असतो तेव्हा माझी फेरी नसते. आता रविवारीच गाठावं लागेल.