शाळेचा बँड आणि म्यूझस्कोअर: जून ते दिवाळीची नोंद

राष्ट्रगीताची पूर्ण धून ५२ सेकंदांची. पहिली आणि शेवटची ओळ घेऊन वाजवतात ती छोटी धून सुमारे २० सेकंदांची. आमच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीआधी दोन्ही वेळा गाठल्या, आणि तेही घड्याळाकडे बघणारं कुणी समोर उभं नसताना. जूनमध्ये हीच धून 'भाग्यविधाता'पर्यंत येईतो इतकी रेंगाळायची की ड्रमवाले कंटाळून पुढं निघून जायचे.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: खानापूर तालुक्यातली मराठी माध्यमाची शाळा, सहावी ते आठवीची मुलं. ट्रंपेट, क्लॅरिनेट, एक आल्टो सॅक्सोफोन, मेलोडिका (फुंकून वाजवायची छोटी पेटी), साइड ड्रम, बास ड्रम, झांजा. मी पेटी शिकवते, बँड हा माझा छंद. फुंकवाद्यांची खरी तालीम घेतात ते हवालदार काका. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमधून निवृत्त झालेले. बेळगावच्या आसपास असा एखादा माणूस प्रत्येक चार-पाच गावांत सापडतो, त्यांना विचारा, बहुतेक जण आनंदानं येतात. नोटेशन, फाईली आणि सराव हे माझ्याकडे. त्यासाठी म्यूझस्कोअर वापरते, स्वरलिपी लिहून ती वाजवून दाखवणारं सॉफ्टवेअर.

आमची मुख्य अडचण वाद्यांची होती, ती शाळेच्या कपाटातच राहतात. बुधवारी तास संपल्यावर आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती बाहेर येतात, मध्ये काही नाही. पावसाळ्यात खानापूरकडच्या पावसानं शनिवारही बुडतात. घरी न्यायला परवानगी आहे ती फक्त माउथपीसची. म्हणजे सॉफ्टवेअरकडून मला काय हवंय हे आपोआप ठरलं: हातात वाद्य नसलेल्या मुलाला घरी सराव करता आला पाहिजे.

काळी पाचचा सा

शाळेच्या बँडला सा म्हणून बी फ्लॅट सोयीचा. पेटीवाल्यांच्या भाषेत काळी पाच. ट्रंपेट आणि क्लॅरिनेटच्या मुलाला कागदावर तो सी दिसतो, आल्टो सॅक्सोफोनला जी दिसतो, मेलोडिकावाल्याला खरोखरच बी फ्लॅट. म्यूझस्कोअरमध्ये वाद्य निवडलं की त्या वाद्याप्रमाणे स्वर बदलून लिहायचं हे काम ते आपलं आपण करतं. 'कॉन्सर्ट पिच'चं बटन आहे, ते दाबलं की सगळ्यांचे खरे स्वर दिसतात, काढलं की ज्याचे त्याचे. मला लिहिताना हे बटन चालू लागतं, छापताना बंद.

पण मुलांना हे समजावत बसायची गरजच पडली नाही, कारण प्रत्येक स्वराखाली मी देवनागरीत सरगम लिहिते. ट्रंपेटच्या सीखाली सा, सॅक्सोफोनच्या जीखालीही सा. आपली मुलं भजनी मंडळातून, पेटीच्या क्लासातून, निदान शाळेच्या प्रार्थनेतून तरी सा ओळखतात. सा कुठूनही धरता येतो हे त्यांना आधीपासून ठाऊक असतं. 'तुझा सा इथं, त्याचा तिथं' एवढं सांगितलं की पुरतं.

करायची पद्धत: पहिला स्वर निवडून कंट्रोल-एल दाबायचं, सा टाईप करून स्पेस, मग रे, मग ग. एकच ओळ चार वाद्यांना द्यायची असेल तर सगळी सरगम आधी कुठंतरी एका ओळीत टाईप करून कॉपी करा आणि कंट्रोल-व्ही दाबत चला, एकेक अक्षर एकेका स्वराखाली बसत जातं. फॉन्ट मात्र देवनागरीचा निवडून ठेवा, मी नोटो सान्स देवनागरी वापरते. स्टाईलमध्ये एकदा ठरवलं की प्रत्येक ओळीला पुन्हा करावं लागत नाही. कोमल स्वराला भातखंडे पद्धतीप्रमाणे खाली रेघ देता येते. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकाच्या बिंदूसाठी मी नुक्त्याचं (अक्षराखालच्या टिंबाचं) अक्षर टाईप करते. 'भाग्यविधाता'मध्ये मंद्र नि येतो, तिथं ते लागतंच.

गप्प ओळ

या सत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही.

सरावाच्या फाईली करताना सगळे जण करतात तेच सुरुवातीला चालू होतं: ज्या मुलाची फाईल, त्याचं वाद्य मिक्सरमध्ये (म्यूझस्कोअरमध्ये प्रत्येक वाद्याचा आवाज ठरवायची जागा) मोठं, बाकीची बारीक. एमपीथ्री काढायची, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण एक एमबी होते, आईच्या फोनवर सहज बसते. मुलं ऐकत होती, म्हणत होती, आणि शनिवारी एकत्र बसली की गळत होती. आपली ओळ कानावर येते तोवर ती तिच्या मागून चालतात. शाळेत ती ओळ वाजवून दाखवणारं कुणी नसतं.

मग जुलैत उलट केलं. मिक्सरमध्ये त्याच मुलाच्या वाद्यासमोरचं एमचं बटन दाबून त्याची ओळ गप्प केली. बाकी सगळा बँड वाजतो, त्याची जागा रिकामी. ती त्यानं सरगम म्हणून भरायची. ट्रंपेटवाल्यानं हातात पेन्सिल आडवी धरून त्यावर बटनंही दाबायची: सा म्हणताना सगळी मोकळी, रे ला पहिलं-तिसरं, ग ला पहिलं-दुसरं. सुरुवातीलाच 'जन गण मन'मध्ये हे तिन्ही येतात, पुढं बराच वेळ ग वरच मुक्काम.

पहिल्याच आठवड्यात एका आईचा फोन. "टीचर, ह्याच्यात आमच्या पोराचं वाजतच न्हाई की. फाईल बिघडलीय काय?"

"बिघडलेली नाही वहिनी, ती ओळ त्यानंच म्हणायचीय."

"मग आता रोज म्हणायला लावते की."

त्यांनी खरंच लावलं. तो मुलगा आज ट्रंपेटांत पुढं उभा असतो.

पुरी ओळ एकदम गप्प केली की सहावीतली मुलं घाबरतात, म्हणून आता मी एका धूनेच्या तीन फाईली करते. पहिलीत त्याची ओळ ऐकू येते. दुसरीत एक वाक्य ऐकू येतं, एक गप्प. तिसरीत सगळंच गप्प. दुसरी करायला एक युक्ती: त्या वाद्याच्या दोन ओळी लिहायच्या, गप्प करायची वाक्यं खालच्या ओळीत टाकायची आणि खालचीच ओळ मिक्सरमध्ये बंद करायची. सुरुवातीला एक बार (मात्रांचा एक गट) नुसत्या काठीच्या टकटकीचा लिहा, नाहीतर फाईल सुरू होते आणि मूल अजून श्वासच घेत असतं. संथ फाईल हवी असेल तर गतीची खूणच कमी करून पुन्हा एमपीथ्री काढते.

वर्गात लावताना स्पीकर वायरनंच जोडा. ब्लूटूथमध्ये आवाज जरा उशिरा पोचतो; नुसतं ऐकायला ते कळत नाही, पण पडद्यावरच्या सरकत्या रेघेकडे बघून वाजवणाऱ्या मुलाचा हमखास घोळ होतो.

ग कुणाचा?

इथं पेटीवाले आणि गाणारे दोघांसाठी लिहिते. म्यूझस्कोअरचा ग हा समान अंतराच्या सप्तकातला, सा पासून ४०० सेंटवर (अर्ध्या स्वरांतराचे शंभर सेंट). तंबोऱ्यात ऐकू येणारा ग ३८६ सेंटच्या आसपास. फरक १४ सेंटचा, एरवी जाणवणार नाही, पण राष्ट्रगीताची पहिली ओळ गंधारावरच ठाण मांडते. तंबोऱ्याचं अ‍ॅप आणि म्यूझस्कोअरची फाईल एकत्र लावली की तिथं आवाज डचमळतो, आणि मुलांना नेमकं कुणाला धरायचं कळत नाही.

म्हणून माझा नियम: म्हणायचं तेव्हा काळी पाचचा तंबोरा आणि फक्त ड्रमची ओळ. वाजवायचं तेव्हा तंबोरा बंद, म्यूझस्कोअरचा बँड. दोन्ही एका वेळी नाही. तंबोऱ्यावर म्हणून तयार झालेलं मूल वाद्यावर स्वर ओठांनी सावरायला लवकर शिकतं, हे हवालदार काकांचंही म्हणणं आहे, आणि ते माझ्यापेक्षा कितीतरी अधिक ऐकून आहेत.

स्वरावरूनच आठवलं, एका लग्नाच्या बँडवाल्यांनी प्रेमानं जुनं युफोनियम (मोठं पितळी फुंकवाद्य) दिलं. ट्यूनरवर ते अख्खं वाद्य जवळजवळ अर्ध्या स्वरांतराच्या निम्मं चढं. आज ए हा स्वर ४४० हर्ट्झला धरतात. ब्रिटिश काळातल्या बँडांची जुनी पट्टी ४५२ च्या आसपास असायची, हिशेबानं साधारण ४७ सेंटचा फरक येतो. ट्यूनिंग स्लाइड पूर्ण ओढूनही ते उतरत नाही. भेट मिळालेलं जुनं वाद्य असं निघालं तर मुलाला बोल लावू नका, आधी मोजा. आमच्याकडे ते लांब श्वासाच्या सरावाला वापरतो, फार सुंदर घुमतं.

ड्रम

गणपतीत आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत झांजपथकात वाजवलेली मुलं ड्रमला येतात. हात दमदार, ताल पक्का, फक्त रंग चढला की लय चढते. त्यांना पाच रेघांचं नोटेशन लगेच दिलं नाही. म्यूझस्कोअरमध्ये ड्रमच्या स्वरांखाली हातांची अक्षरं लिहिली, उ म्हणजे उजवा, डा म्हणजे डावा: उ डा उ उ, डा उ डा डा. हा पॅराडिडल, ड्रमचा एक ठरलेला हातक्रम आहे, पण मुलं तो बोल म्हणूनच पाठ करतात आणि बाकावर वाजवतात. अक्षरांवरून नजर हळूहळू वरच्या स्वरचिन्हांकडे जाते. दसऱ्यापर्यंत दोघांनी अक्षरं झाकून वाचून दाखवलं.

तेज चलला १२० पावलं मिनिटाला. दोन-चारच्या चालीत (बारात दोन मात्रा) म्हणजे सेकंदाला एक बार, डावा पाय पहिल्या मात्रेवर. मुलांचं पाऊल दोन फुटांचं धरलं तर सोळा बारांच्या एका फेरीत संचलन साधारण साडेएकोणीस मीटर पुढं सरकतं. मैदान टेपनं मोजून घेतलं की धून किती वेळा फिरवायची ते आधीच ठरवता येतं, आणि झेंड्यापाशी मधेच तोडावी लागत नाही.

संगणक

शाळेतल्या लॅबमधल्या जुन्या विंडोज सातच्या यंत्रांवर म्यूझस्कोअर ३.६.२ चालतं. चारला ६४ बिटचं विंडोज १० लागतं, ते माझ्या लॅपटॉपवर. चारमध्ये जतन केलेली फाईल तीनमध्ये उघडत नाही, म्हणून प्रत्येक धून म्युझिक-एक्सएमएलमध्येही (स्वरलिपीच्या इतर सॉफ्टवेअरमध्येही उघडणारा फाईलप्रकार) ठेवा. फिनाले हे स्वरलिपीचं दुसरं सॉफ्टवेअर २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं तेव्हा ज्यांनी ही काळजी घेतली होती त्यांची वर्षांची मेहनत सहज दुसरीकडे गेली.

पुढे

२६ जानेवारीसाठी नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत घेतोय. कुवेंपूंचं 'जय भारत जननिय तनुजाते' मुलं रोज सकाळी म्हणतात, शब्द तोंडपाठ. २०२२ मध्ये सरकारनं म्हैसूर अनंतस्वामींची चाल आणि अडीच मिनिटांचा अवधी ठरवून दिलाय, तीच धरणार. अडीच मिनिटं सलग फुंकणं सहावीच्या ओठांना जड जातं, त्यामुळं ट्रंपेट आणि क्लॅरिनेटला कडवी आलटूनपालटून देतेय आणि मेलोडिका सबंध चालू ठेवतेय. मेलोडिकाची ओळ आणि सरगम लिहून झाली. सॅक्सोफोनवाली मुलगी आताच विचारून गेली, "टीचर, माझी गप्प फाईल कधी देताय की?" तिची सुट्टी संपायच्या आत पाठवते.