एक # आणि आईचं मनगट

गेल्या महिन्यात आई बाथरूममध्ये घसरली, पडताना डावा हात टेकला आणि बघता बघता मनगट टम्म सुजलं. एक्सरे झाल्यावर केसपेपर हातात आला, त्यावर घाईघाईत इंग्रजीत एकच ओळ होती, आधी # आणि पुढे डिस्टल रेडियस, लेफ्ट. मी वीस वर्षं प्रूफं तपासते. आमच्याकडे दोन शब्द चिकटले की मधे उभी रेघ मारायची आणि समासात # काढायचं, म्हणजे इथे जागा सोडा. त्यामुळे बाकावर बसून तो कागद वाचताना मला वाटलं, पुढे कसलातरी नंबर घालायचा राहिलाय. आई सारखी विचारत होती, "काय लिहिलंय गं?" आणि मला सांगता येईना. शेवटी प्लास्टर घालणारे दादा म्हणाले, "ताई, ते फ्रॅक्चर आहे, सगळे डॉक्टर असंच लिहितात."

तेव्हापासून ते चिन्ह डोक्यातून जातच नाहीये. मुळात ते वजनाचं, पाउंडसाठी एलबी लिहायचे ना, त्यावर आडवी रेघ मारायची पद्धत होती, भराभर लिहिता लिहिता त्याचं # झालं म्हणतात. १९६८ च्या सुमारास ते फोनच्या बटणांवर आलं, आज आपण *९९# दाबून साध्या फोनवरून बँकेतला बॅलन्स बघतो ते त्याच बटणाने. बुद्धिबळात चालीपुढे # म्हणजे मात, डाव संपला. २००७ मध्ये ख्रिस मेसिनाने ट्विटरवर हॅशटॅग सुचवला, तिथे # लावायचं ते शब्द सगळ्यांना सापडावा म्हणून, आणि भाचा पायथॉन शिकतोय त्यात # च्या पुढचं त्या ओळीतलं सगळं कॉम्प्युटर सोडून देतो! वेस्टर्न म्युझिकमधलं शार्प मात्र वेगळं चिन्ह आहे, नीट बघा, त्यात आडव्या रेघा तिरक्या असतात आणि उभ्या सरळ, # मध्ये आडव्या सरळ असतात.

प्रत्येक कामाची आपापली खूण असणारच, त्याशिवाय भराभर काम होत नाही, हे मला माझ्याच कामावरून कळतं. पण माझी प्रूफं प्रेसमध्येच राहतात, वाचकाच्या हातात जात नाहीत. केसपेपर मात्र पेशंटच्या हातात जातो हो, तिथे पूर्ण शब्द लिहायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

प्लास्टर सहा आठवडे आहे. मी घरी नसताना शेजारच्या काकूंना आईला न्यावं लागलं तर, म्हणून त्या # च्या शेजारी मी पेन्सिलीने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, "डाव्या मनगटाचं हाड मोडलंय."