ओले बोंबील: आधी मीठ, मग दाब

मांदेली आणि तारली ही छोटी मासळी १०० रुपयांत दोघांच्या ताटात कशी बसवायची, हे मागील नोंदींत सविस्तर आले आहे. प्रश्न उरला होता तो ओले बोंबील तव्यावर न फुटता कुरकुरीत तळण्याचा, आणि तो काल रात्री सुटला. भाड्याच्या खोलीतल्या इंडक्शनवर बोंबलाची तुकडी अखंड उलटली आणि लावलेले पीठ तिच्या अंगाला घट्ट राहिले, याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

बोंबलाच्या मांसात जवळपास नव्वद टक्के पाणी असते. ते तव्यावर सुटले की पिठाचा चिखल होतो आणि मासा तळला न जाता नुसता शिजतो. पाट्याखाली दाबण्याची रीत आपण सारेच पाळतो. माझ्याकडे पाटा नसल्याने पाण्याने भरलेले पातेले ते काम करते. तरीही दाबून कोरडे झालेले बोंबील मीठ, तिखट आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) लावून ठेवले की थोड्याच वेळात ताटलीत पुन्हा पाणी साचत असे. ते पाणी मीठच ओढून काढत होते. मग ते दाबण्याआधीच का काढून घेऊ नये, असा विचार मनात आला.

त्याप्रमाणे मधला काटा काढून उभे उघडलेल्या अर्धा किलो बोंबलांना १ चहाचा चमचा मीठ आणि हळद चोळून ते १५ मिनिटे चाळणीत निथळत ठेवले, नंतर सुती पंचाच्या घड्यांमध्ये तासभर दाबले आणि मध्येच ओला झालेला पंचा बदलला. वाटलेली लसूण, तिखट आणि जेमतेम चमचाभर आगळ एवढाच मसाला लावला. आगळ मुळातच खारट असल्याने वेगळ्या मिठाची गरज भासली नाही. तांदळाच्या पिठात चौथा हिस्सा बारीक रवा मिसळला आणि तेल तापल्यावरच तुकड्या या पिठात घोळवून तव्यावर सोडल्या. सुरुवातीचा चरचराट हळूहळू बारीक होत गेला, कडा तांबूस झाल्या, आणि तेव्हा कुठे उलथने खाली घातले.

या कामाला बिडाचा तवाच हवा, असे माझे ठाम मत झाले आहे. पातळ नॉनस्टिक तवा इंडक्शनवर मधोमधच तापतो आणि कडेच्या तुकड्या मऊ राहतात. मासे घरपोच देणाऱ्या एका ॲपवरून मागवलेले बोंबील पिशवीतल्या पाण्यात तरंगत आले होते, त्यामुळे आता संध्याकाळी बाजार उठण्याच्या सुमारास कोळीण मावशींकडूनच वाटा घेतो. त्या वेळी भाव उतरलेला असतो, आणि मावशी बोंबील चिरून, उघडूनही देतात.

पुढे तिरफळ घातलेले तारलीचे तिखले, म्हणजे झणझणीत कालवण, करण्याचे ठरले होते. मात्र हे लिहितानाच वर्सोवा आणि मढच्या किनाऱ्यावर जबड्यात जबडा अडकवून बांबूंवर वाळत घातलेले बोंबील आठवले. तिथे वारा जे करतो, ते फ्रिजमधली कोरडी हवा थोड्या प्रमाणात करू शकेल. म्हणून दाबलेले बोंबील जाळीवर उघडेच ठेवून दोन-तीन तास फ्रिजमध्ये सुकवून पाहावेत, असे वाटते. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी दोन महिने बंद होईल आणि ओल्या मासळीचे भाव चढतील, तेव्हा हा प्रयोग याच आठवड्यात करणे भाग आहे. तारली त्यानंतर.