आमची वाटचाल : शाफ्ट नवाच करून देऊ

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तात्या आणि मी भागीत लेथ, म्हणजे धातू फिरवत कापायचं यंत्र, दुरुस्तीला बसलो, तेव्हा आजूबाजूला सगळे ऑइल इंजिनाचे भाग करणारे. आमच्याकडे एक सहा फुटी लेथ, फिरणाऱ्या भागाचा डगमग 0.01 मिलिमीटरपर्यंत दाखवणारी डायल आणि तात्यांचे कान. हेडस्टॉकवर, म्हणजे लेथचा फिरता भाग धरणाऱ्या पेटीवर, लाकडी दांडा टेकवून ते ऐकायचे आणि बेअरिंग गेलंय की शाफ्टवर पुली घट्ट धरणारी चावी ढिली झालीय ते सांगायचे. तसा फिटर पुन्हा मिळाला नाही.

हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करच्या जुन्या लेथवर आमचं नाव झालं. पट्टा घसरतो, बदलून द्या, म्हणत गिऱ्हाईक यायचं. आम्ही आधी पट्टे काढून पुलीचा शाफ्ट, म्हणजे तिचा दांडा, हाताने फिरवायचो, मग डायल लावायचो. पुलीखाली शाफ्ट झिजून चावीची खाच रुंद झाली असेल, तर नवे पट्टेही लवकरच फुकट जातात. तिथे ईएन 24 या कणखर पोलादाचा नवा शाफ्ट करायचा, बेअरिंगच्या जागा ग्राइंड करायच्या. जुनाच वेल्डिंगने भरून द्यायचा नाही.

याच हट्टापायी धंदा बुडायची वेळ आली. आमच्याच गल्लीत एकाने निम्म्या पैशात काम सुरू केलं. झिजलेली जागा वेल्डिंगने भरायची, टर्न करायची, म्हणजे लेथवर कापून गोल करायची, संध्याकाळी मशीन चालू. ईएन 24 आधी नीट न तापवता वेल्ड केला की कडेला तडा धरतो, हे उद्यमनगरात कुणाला माहीत नव्हतं? तरी माणसं तिकडे गेली. मला मिलिंग मशीन विकावं लागलं, खाचा बाहेरून मारून आणाव्या लागल्या. तात्यांनी भागी सोडली. त्यांना संसार होता, मी अडवलं नाही.

गिऱ्हाइकांत टिकले ते गडहिंग्लजकडचे आबा. गुऱ्हाळाच्या घाण्याचे रोलर टर्न करायचं त्यांचं काम; हंगामात लेथ थांबला तर गुऱ्हाळवाले दारात येऊन बसायचे. "स्वस्त नको, हंगाम निघाला पाहिजे," म्हणत आगाऊ रक्कम टेबलावर ठेवायचे. त्या पैशांवर मी पोलाद आणलं.

पुढे भरलेले शाफ्ट तुटू लागले, बहुतेक खाचेच्या टोकाशीच. गेलेले परत आले. तुमचं बरोबर होतं, असं एकानेही म्हटलं नाही, आणि ते मला अजून लागतं. नंतरची वर्षं कामात गेली. आता ग्राइंडिंग मुलगी बघते.

पट्टे बदलणार असाल तर सांगतो. तीन पट्ट्यांच्या पुलीवर एकच नवा चढवू नका, सगळा भार तो एकटा ओढतो. पूर्ण संच घ्या. पट्टा पुलीच्या खाचेच्या दोन्ही बाजूंवर बसला पाहिजे. खाचेचा तळ चकाकत असेल तर पुली किंवा पट्टा झिजलाय. दोन पुलींमधल्या दर 100 मिलिमीटर अंतराला पट्टा मध्यावर दाबल्यावर साधारण 1.6 मिलिमीटर खाली गेला की पुरे. काही तास चालवून पुन्हा ताण बघा. आणि राळ लावू नका. ती सपाट चामडी पट्ट्यांच्या काळातली सवय आहे, व्ही बेल्टचं, म्हणजे या व्ही आकाराच्या पट्ट्यांचं, रबर तिने खराब होतं.