पुरातल्या गाडीचा मेंदू

आज खेर्डीला भंगारात गेलो होतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालेली एक गाडी तिथे कापत होते. चिपळूणकरांना ती तारीख वेगळी सांगायला नको. पोरगा ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा, ॲल्युमिनियमचा डबा फोडून आतला बोर्ड पोत्यात टाकत होता. किलोवर जातो म्हणाला.

जीव हळहळला. त्या बोर्डाच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, थरांत तांबं असतं, काही कपॅसिटरांत पॅलेडियम हा महागडा धातू. खाणीत टनभर दगड फोडून जेमतेम काही ग्रॅम सोनं निघतं. चांगल्या बोर्डांत टनामागे त्याहून बरंच जास्त असतं. आणि ईसीयू चालू निघाला, तर धातूच्या कितीतरी पट पैसे अख्ख्या डब्याचेच येतात. म्हणजे फोडायच्या आधी तपासायला हवा!

मागे वायरी जाळल्याचा काळा डाग होता. त्या धुरात डायॉक्सिन नावाचं विष असतं. ॲसिडने सोनं काढणारेही आहेत, ते पाणी शेवटी वाशिष्ठीतच जाणार. पोराला म्हटलं, "बाळा, जाळू नको. बोर्ड वेगळे साठव, नोंदणी असलेल्या रिसायकलरला एकदम देऊ."

"काका, गिऱ्हाईक तुम्ही आणाल?"

हो म्हणून आलोय. रत्नागिरी-रायगडात कुणाची ओळख असेल तर कळवा.